बालीला पहिल्यांदा जाताय? तिथली कला आणि रीतभात अशी समजून घ्या

बालीतल्या रिसॉर्टमध्ये उतरलात की लॉबीत आठवडाभराच्या कार्यक्रमांचा एक कागद हमखास दिसतो. एका दिवशी चनांग म्हणजे नैवेद्याची फुलांची टोपली बांधायला शिकवणार, एका दिवशी बाटिक म्हणजे मेणाने नक्षी काढून कापड रंगवणं, एका संध्याकाळी जेवणासोबत नाच. 'हे सगळं पर्यटकांसाठी, खरं बाली वेगळंच' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. हॉटेलात नाचणारी मुलगी बहुतेक वेळा आपल्या गावच्या देवळातही नाचते, आणि तिथे पैसे घेत नाही. देवळासाठी असं विनामोबदला राबण्याला बालीत 'न्गायाह' म्हणतात. तिथलं संगीत, नाच, कोरीवकाम, फुलांची आरास हे सगळं या कामातून वाढलं आहे. तेव्हा रिसॉर्टमधला वर्ग ही पहिली इयत्ता समजा आणि तिथून बाहेर पडा. कसं, ते क्रमाने सांगतो.

तिकीट काढण्याआधी तारखा बघा

बालीत दोन पंचांगं एकत्र चालतात. एक २१० दिवसांचं, पावुकोन नावाचं. गालुंगान हा मोठा सण त्याप्रमाणे येतो, म्हणून इंग्रजी वर्षात बहुतेक वेळा दोनदा पडतो. गालुंगानला पूर्वज घरी येतात अशी श्रद्धा आहे. दहा दिवसांनी, कुनिंगानला, ते परततात. या काळात प्रत्येक घरासमोर पेंजोर उभा असतो: वाकलेला उंच बांबू, त्याला नारळाच्या कोवळ्या पानांची नक्षी, भाताच्या लोंब्या, फळं. सुट्टीची तारीख हातात असेल तर गालुंगानच्या आसपास जा. या दिवसांत अख्खा रस्ताच सजलेला असतो आणि त्याला तिकीट नाही. याच पंचांगात तुम्पेक लांदेप नावाचा दिवस येतो. त्या दिवशी क्रिस म्हणजे वळणदार खंजीर, लोखंडी हत्यारं आणि आता गाड्या-स्कूटरीसुद्धा पुजतात, अगदी आपल्या खंडेनवमीसारख्या. तुमच्या ड्रायव्हरच्या गाडीवर पानाफुलांचा नैवेद्य बांधलेला दिसला तर तो का, हे आता तुम्हाला कळेल.

दुसरं पंचांग शक संवताचं. आपण पाडव्याला मोजतो तोच शक, तोच आकडा. २०२३ मध्ये तिथलं शक १९४५ आणि आपलं शक १९४५ एकाच दिवशी, २२ मार्चला, सुरू झालं. दर वर्षी तारीख जुळतेच असं नाही, कारण अधिक महिना दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी धरला जातो. २०२४ मध्ये त्यांचं नववर्ष ११ मार्चला होतं, आपला पाडवा ९ एप्रिलला.

हे नववर्ष म्हणजे न्येपी, आणि प्रवाशाने ते गंभीरपणे घ्यायला हवं. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत पूर्ण चोवीस तास विमानतळ बंद. आग-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, असे चार नियम. मोबाइलचं इंटरनेटही बंद करतात. रस्त्यावर पेचालांग, म्हणजे गावचे पारंपरिक रक्षक, फिरत असतात. दवाखाना आणि तातडीची सेवा चालू असते, पण पाहुण्यांनी रिसॉर्टच्या आवारातच राहायचं, रात्री पडदे ओढून घ्यायचे, समुद्रावर जायचं नाही. काही जण ही तारीख टाळतात. मी तर म्हणेन, ती निवडा. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोहची मिरवणूक असते: बांबू आणि कागदाचे राक्षस, गावातल्या पोरांनी आठवडेच्या आठवडे खपून केलेले, खांद्यावर नाचवत नेतात. त्यानंतर शांतता. समुद्रकिनारी एकही दिवा नसल्याने त्या रात्री आकाश जसं दिसतं तसं एरवी दिसत नाही.

एक कामाची गोष्ट इथेच उरकू. १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना बाली प्रांताचा १,५०,००० इंडोनेशियन रुपियांचा कर आहे. संस्कृती आणि पर्यावरण जपण्यासाठी तो घेतात. निघण्यापूर्वी ऑनलाइन भरा आणि पावती मोबाइलमध्ये ठेवा.

पहिल्या सकाळी: दाराशी ठेवलेली चनांग

सकाळी खोलीचं दार उघडाल तेव्हा उंबऱ्याजवळ तळहाताएवढी चौकोनी टोपली दिसेल. आत फुलं, वर एक उदबत्ती. ही चनांग सारी. दुकानाच्या पायरीवर, गाडीच्या डॅशबोर्डवर, समुद्राच्या वाळूत, सगळीकडे ती असते. तिच्यावर पाय पडू देऊ नका आणि ती ओलांडूही नका, बाजूने जा. उदबत्ती विझल्यावर तिचं काम झालेलं असतं, त्यामुळे चुकून धक्का लागलाच तर घाबरून जायचं कारण नाही.

रिसॉर्टच्या वर्गांपैकी एकच करणार असाल तर चनांगचा करा. लागतं काय? नारळाचं कोवळं पान, बांबूची बारीक काडी आणि धारदार सुरी. तळाशी पोरोसान ठेवतात, म्हणजे विड्याचं पान, सुपारी आणि चुना. तो चनांगचा गाभा. त्याच्याशिवाय ती नुसती फुलांची टोपली. फुलांना दिशा असतात: पूर्वेला पांढरं, दक्षिणेला तांबडं, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं. पान कापताना बोटं अडखळतील. शिकवणाऱ्या बाईंकडे बघा, त्यांचे हात न बघता चालतात, कारण हे त्या लहानपणापासून रोज करत आल्या आहेत. वर्ग संपल्यावर आपली चनांग फोटो काढून टेबलावर टाकून देऊ नका. 'कुठे ठेवू?' असं त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा त्या स्वतः तुम्हाला आवारातल्या देव्हाऱ्यापाशी नेतील.

आवारातला तो देव्हारा शोभेचा नाही. प्रत्येक घराला, शेताला, हॉटेलाला आपलं देऊळ असतं, बहुधा डोंगराकडच्या बाजूला, कारण डोंगराची दिशा पवित्र आणि समुद्राची खालची. त्याच्या कठड्यावर ओला टॉवेल टाकणं, त्यावर बसून फोटो काढणं हे करू नका. झाडाला किंवा मूर्तीला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, पोलेंग, गुंडाळलेलं असेल तर तिथे काहीतरी वास करतं असं मानतात. त्या झाडाला टेकू नका.

देवळात जाताना

आपण हिंदू, ते हिंदू, म्हणजे सगळं माहीत आहे, असं धरून चाललात तर गोंधळ होईल. बालीच्या पुरात, म्हणजे देवळात, बहुतेक ठिकाणी मूर्तीच्या दर्शनाची रांग नाही. उघडं अंगण असतं आणि पद्मासन नावाचं उंच दगडी आसन. ते रिकामं असतं, देव उत्सवात येऊन बसतो. नैवेद्यात कोंबडी आणि डुक्करही असतं. नाक मुरडू नका. आपली उदबत्ती लावणं, नारळ फोडणं, दोरा बांधणं असलं काही आपल्या मनाने करायचं नाही.

कपडे: कमरेभोवती कामेन म्हणजे सारोंग, त्यावर कंबरेला सेलेंदांग हा पट्टा, खांदे झाकलेले. उलुवातू, तीर्त एम्पुलसारख्या मोठ्या देवळांत दारात सारोंग मिळतो. तरी स्वतःचा एक विकत घ्या, आठवडाभर उपयोगी पडतो. पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आणि घरात सुतक असलेल्यांनी आत येऊ नये असा नियम आहे आणि पाटीवर तो लिहिलेला असतो. त्यावर तुमचं मत काहीही असो, यजमानांच्या अंगणात त्यांचा नियम पाळा. पेमांगकू, म्हणजे पुजारी, बसलेला असताना त्याच्याहून उंच जागी उभं राहू नका, प्रार्थना करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नका, फ्लॅश बंद ठेवा. दानपेटीत पैसे टाकायचे ते सारोंगचं भाडं म्हणून नाही, देवळाच्या खर्चासाठी.

गावातल्या कुणी प्रार्थनेला बोलावलं तर नक्की जा. जमिनीवर बसतात आणि पाच वेळा हात कपाळावर जोडतात: पहिल्यांदा आणि शेवटी रिकाम्या हाताने, मधल्या तीन वेळा बोटांत फूल धरून. मग पेमांगकू तीर्थ शिंपडतो. उजव्या हाताची ओंजळ डाव्यावर ठेवून तीनदा प्यायचं, उरलेलं चेहऱ्याला लावायचं. शेवटी ओले तांदूळ कपाळावर आणि गळ्याशी. शेजारच्याकडे बघत करत राहिलात तर कुणाचं काही बिघडत नाही.

तीर्त एम्पुलचं कुंड इसवी सन ९६२ पासूनचं. तिथे स्नानाला उतरायचं असेल तर पाण्यासाठी वेगळा सारोंग भाड्याने मिळतो. धारांची रांग असते आणि त्यांतल्या दोन धारा मृतांच्या विधीसाठी राखलेल्या आहेत, त्यांखाली जायचं नाही. कोणत्या, ते रांगेतला पुढचा माणूस दाखवतो. नुसतं पोहायला म्हणून उतरू नका, हे कळकळीने सांगतो.

नाच कुठे बघावा आणि काय बघावं

१९७१ मध्ये बालीच्या कलावंतांनी आणि पुजाऱ्यांनी एकत्र बसून नाचांचे तीन वर्ग ठरवले. वाली म्हणजे देवळाच्या सर्वांत आतल्या अंगणातले, केवळ विधीचे. बेबाली म्हणजे मधल्या अंगणातले, विधीला जोडून येणारे. बालिह-बालिहान म्हणजे बाहेर, करमणुकीसाठी. पर्यटकांपुढे काय नाचायचं आणि काय नाही, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता, आणि त्यांनी स्वतःच त्याचं उत्तर काढलं. २०१५ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून नोंदले तेही हेच तीन वर्ग. म्हणजे रिसॉर्टच्या मंचावर जे दिसतं ते चोरून आणलेलं नसतं, बाहेरच्यांसाठी म्हणूनच ठरवलेलं असतं.

पहिला कार्यक्रम उबुद गावच्या राजवाड्यातल्या लेगोंग या मुलींच्या नाचाचा बघा. छोटा मंच, समोरच गामेलान, म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि गोंगांचा वाद्यमेळ. नर्तकीच्या पायांपेक्षा डोळ्यांकडे लक्ष ठेवा. गोंगाच्या ठोक्याबरोबर बुबुळं एका झटक्यात कोपऱ्यात जातात. दुसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या वर्गात अगेम ही मूळ उभी राहण्याची पद्धत करून पाहा: गुडघे वाकलेले, पाठ ताठ, कोपर खांद्याच्या रेषेत, बोटं थरथरती. दोन मिनिटांत मांड्या भरून येतात. मग रात्रीची ती बारा वर्षांची मुलगी किती ताकदीची होती ते समजतं.

केचाक उलुवातूच्या कड्यावर, मावळतीला. वाद्य एकही नाही. उघड्या अंगाचे पुरुष वर्तुळात बसून 'चाक-चाक' असा आवाज काढतात आणि मध्ये सीताहरण घडतं. हा प्राचीन नाच म्हणून विकला जातो. आजचं रूप १९३० च्या दशकातलं आहे. सांगह्यांग या अंगात येण्याच्या विधीतला पुरुषांचा गजर घेऊन, नर्तक वायान लिंबाक आणि जर्मन चित्रकार वाल्टर स्पीस यांच्या हातून त्याला रामायणाची जोड मिळाली. माझ्या लेखी यात कमीपणा काहीच नाही. नवं घडवण्याची ही ताकद जिवंत परंपरेतच असते.

बारोंग-रांगदाचा खेळ बातुबुलानला सकाळी होतो. बारोंग रक्षणकर्ता, रांगदा चेटकीण. शेवटी कुणी जिंकत नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी सांगून ठेवा, क्रिस स्वतःच्या छातीवर रोखणारी माणसं बघून लहान मुलं घाबरतात.

गामेलानच्या वर्गात बसाल तेव्हा दोन गोष्टी. वाद्य ओलांडू नका, वळसा घाला. आणि उजव्या हाताने पट्टी वाजवली की पुढची वाजवताना आधीची डाव्या हाताने दाबून बंद करायची असते, हे सुरुवातीला फार जड जातं. वाद्यं जोडीने असतात आणि जोडीतलं एक मुद्दाम किंचित चढं लावलेलं असतं. दोन्ही एकत्र वाजली की स्वर लाटेसारखा थरथरतो. तो थरथराट म्हणजेच त्या वाद्याचा प्राण.

जून-जुलैमध्ये गेलात तर राजधानी देनपासारमधला बाली कला महोत्सव चुकवू नका. १९७९ पासून दर वर्षी भरतो आणि बघायला येतात ते मुख्यतः स्थानिक लोक.

वायांग कुलित

चामड्याच्या बाहुल्यांचा हा सावल्यांचा खेळ. दालांग हा एकटा माणूस सगळ्या बाहुल्या चालवतो, सगळ्यांचे आवाज काढतो आणि पायाच्या बोटांत लाकडी ठोकळा धरून तालही देतो. भाषा कळणार नाही याची चिंता नको. राजे आणि देव जुन्या कावी भाषेत बोलतात, ती तिथल्या प्रेक्षकांनाही सहज कळत नाही. ट्वालेन, मर्दाह, देलेम, सांगुत हे चार सेवक ते बोलणं लोकांच्या बालीनीजमध्ये सांगतात, थट्टा करतात. गोष्ट महाभारताची, त्यामुळे अर्जुन आणि भीम तुम्हाला आकारावरून ओळखू येतील. पडद्यामागे जाऊन बसायलाही सहसा हरकत नसते. थोडा वेळ तिथून बघा, दिव्याच्या ज्योतीजवळ हात कसे फिरतात ते कळतं. याची एक विधीची जातही आहे, वायांग लेमाह: भरदिवसा, पडद्याशिवाय, दोन फांद्यांमध्ये नुसता सुती दोरा ताणून. प्रेक्षक असले-नसले तरी चालतं, कारण खेळ देवांसाठी असतो.

परतल्यावर ओढ लागली तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांवर रामायण जपलं आहे.

कापड: शिकायला एक, घ्यायला दुसरं

बाटिक मुळात जावा बेटाचं. योग्याकार्ता, सोलो, पेकालोंगान ही त्याची गावं, आणि २००९ मध्ये युनेस्कोने नोंद केल्यापासून २ ऑक्टोबर हा इंडोनेशियात बाटिक दिवस असतो. रिसॉर्टच्या वर्गात चांतिंग हातात देतात, तांब्याची छोटी तोटी असलेली लेखणी. तिच्यातून वितळलेलं मेण ओघळत कापडावर रेघ उमटवतं. मेण फार गरम झालं तर पसरतं, थंड झालं तर कापडात मुरत नाही. विकत घेताना कापड उलटं करा. हाताचं बाटिक दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच दिसतं, छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. ठशाचं बाटिक, चाप, हेही खरंच बाटिक, फक्त नक्षी ठरावीक अंतराने तंतोतंत तशीच येते.

बालीचं स्वतःचं कापड म्हणजे एंदेक. बाण्याचे धागे आधी गाठी मारून रंगवायचे आणि मग विणायचं. २०२१ पासून दर मंगळवारी एंदेक घालावं असं प्रांताच्या राज्यपालांनी परिपत्रक काढलं. मंगळवारी तुमच्या हॉटेलच्या काउंटरवरची मंडळी काय घालून उभी आहेत ते पाहा. ते घ्यायला सिदेमेनच्या खोऱ्यात जा, मागांचा आवाज घराघरांतून येतो.

सगळ्यांत वर गेरिंगसिंग, आणि ते फक्त तेंगानान या गावात, बेटाच्या पूर्वेला. इथे ताणा आणि बाणा दोन्ही आधी गाठी मारून रंगवतात, आणि विणताना नक्षी जुळवून आणतात. सूत आधी अक्रोडासारख्या केमिरीच्या तेलात मुरवतात, निळा नीळेतून, तांबडा नोनीच्या मुळांच्या सालीतून. एका कापडाला काही वर्षं लागतात. असं दुहेरी काम जगात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. त्यांतलं एक आपल्या शेजारी गुजरातेत, पाटणचा पटोला. तो पूर्वी जहाजांतून इंडोनेशियाला जात असे आणि तिथे राजघराण्यांत जपून ठेवला जाई. गेरिंगसिंगची किंमत ऐकून दचकाल. घ्यायचं नसेल तर घेऊ नका, पण घासाघीस अजिबात करू नका.

कारागिरांची गावं

देनपासारहून उबुदकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावागणिक एकेक काम आहे: बातुबुलानला दगड, चेलुकला चांदी, बातुआनला चित्रं, मासला लाकूड. एक दिवस पुरतो, पण दोनच गावं निवडलीत तर जास्त दिसेल. रस्त्यावरच्या मोठ्या शोरूममध्ये गाडी आपोआप थांबते, कारण तिथे ड्रायव्हरला कमिशन असतं. त्याचंही पोट आहे, रागावू नका. शांतपणे सांगा की आत गल्लीत, जिथे काम चाललंय तिथे जायचं आहे.

चेलुकला चांदीवर ९२५ चा (म्हणजे ९२.५ टक्के चांदीचा) शिक्का बघा आणि मग बारीक मण्यांचं काम बघा. मोहरीहून लहान गोळ्या एकेक करून झाळलेल्या असतात. भिंगातून त्या सारख्या आकाराच्या आणि नीट चिकटलेल्या दिसल्या तर हात चांगला.

मासला कारागीर जमिनीवर बसून पायाच्या तळव्यांत लाकूड धरतो आणि छिन्नी चालवतो. विधीचे मुखवटे पुले नावाच्या झाडाचे असतात, म्हणजे आपली सातवीण. शुभ दिवस बघून, झाडाला नैवेद्य दाखवून फांदी काढतात. विकायला ठेवलेले मुखवटे अर्थातच तसे अभिमंत्रित नसतात, तरी विचारल्याशिवाय तोंडाला लावू नका. जवळच सेतिया धर्म हे मुखवट्यांचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय आहे, खरेदीआधी तिथे तासभर घालवा, नजर तयार होते. चित्रांसाठी हेच काम उबुदचं पुरी लुकिसान संग्रहालय करतं. १९५६ मध्ये उघडलेल्या या जागेत बालीचा चित्रकार लेंपाद याची रेखाचित्रं आहेत. क्लुंगकुंगच्या केर्ता गोसा या जुन्या न्यायमंडपाचं छतही बघा: भीम पंडू आणि माद्रीला सोडवायला यमलोकात जातो, आणि वाटेत पाप्यांना काय शिक्षा चालू आहेत ते एकेका चौकटीत रंगवलं आहे.

भाव करायचा तो सुकावातीच्या बाजारात, हसत हसत. कारागिराच्या ओसरीवर एकदा विचारा, तो जे सांगेल त्यात पटलं तर घ्या. कासवाच्या कवचाचं, प्रवाळाचं, हस्तिदंताचं काही घेऊ नका, गुन्हा आहे.

बोलताना थोडं जपा. भेटल्यावर 'ओम स्वस्तिअस्तु', आभाराला 'सुक्स्मा'. वयाने मोठ्या पुरुषाला 'ब्ली', बाईला 'म्बोक'. त्याहून वडीलधाऱ्यांना 'पाक' आणि 'इबू'. वस्तू आणि पैसे उजव्या हाताने द्या-घ्या, मुलाच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवू नका, दाखवायचं असेल तर तर्जनीऐवजी अंगठा वापरा. पहिल्या मुलाचं नाव वायान किंवा पुतू, दुसऱ्याचं मादे किंवा काडेक, तिसऱ्याचं न्योमान किंवा कोमांग, चौथ्याचं केतुत, मग मुलगा असो की मुलगी. त्यामुळे एकाच हॉटेलात पाच वायान भेटतील. नाव विचारलंत की कितवं अपत्य तेही कळतं आणि तिथून गप्पा सुरू होतात.

लाकडी वस्तू घेताना शेवटचा प्रश्न विचारायचा तो हा: लाकूड किती दिवस वाळवलं आहे? बालीची हवा दमट. तिथे धड दिसणारा मुखवटा पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात तडकू शकतो. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे तो एसीच्या झोतात किंवा उन्हाच्या खिडकीत टांगू नका. कापडात गुंडाळून कपाटात ठेवा आणि हवेची सवय होऊ द्या.